फ्लॉरेन्स आणि छत्रपती राजाराम स्मारक

फ्लॉरेन्स : (इटालियन नाव फिरेंझे). इटलीच्या तस्कनी विभागाची राजधानी व यूरोपीय प्रबोधनाचे आद्य केंद्र म्हणून जगप्रसिद्ध असलेले शहर. लोकसंख्या सु. ३.६ लाख. हे रोमच्या वायव्येस सु. २३० कि.मी. अंतरावर, आर्नो नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. येथील चर्चवास्तू, राजवाडे, चित्रसंग्रह व शिल्पे पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. शहराच्या ऐतिहासिक भागाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत १९८२ मध्ये झाला. महाराष्ट्राच्या दृष्टीने या शहराला आणखी एक महत्त्व आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी येथेच देहावसान झाले, आर्नोच्या काठी त्यांचे दहन झाले आणि त्या जागी उभारलेले स्मारक आजही तेथे आहे. प्रवासवर्णनांतून या शहराची जी स्थलयादी वाचकांसमोर येते, तीत या स्मारकाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

इतिहास : इ. स. पू. पहिल्या शतकात रोमन वसाहत म्हणून या नगराची स्थापना झाली. मध्ययुगात लोकरी व रेशमी कापडाचा व्यापार, सावकारी पेढ्या आणि कारागिरांच्या श्रेणी यांमुळे त्याची भरभराट झाली. १२५२ मध्ये येथे पाडण्यात आलेले ‘फ्लॉरिन’ हे सोन्याचे नाणे यूरोपभर चालत असे. राजकीय गटांतील वैमनस्य मात्र तीव्र होते व त्यातूनच महाकवी दान्ते याला १३०२ मध्ये हद्दपार व्हावे लागले. १३४८ च्या प्लेगच्या साथीत शहराची फार मोठी प्राणहानी झाली. पुढील शतकात मेदीची घराण्याचा उदय झाला. जोव्हान्नी दे मेदीची याने १३९७ मध्ये पेढी स्थापन केली. त्याचा मुलगा कोझीमो याने १४३४ पासून, कोणतेही राजपद न घेता, नगराची सूत्रे आपल्या हाती ठेवली. त्याचा नातू लोरेन्त्सो याच्या काळात (१४६९–९२) कला व विद्या यांना मोठा आश्रय मिळाला. या वैभवाविरुद्ध प्रचार करणारा धर्मोपदेशक साव्होनारोला याने काही काळ शहरावर प्रभाव गाजविला. परंतु १४९८ मध्ये त्यालाच नगरचौकात फाशी देऊन जाळण्यात आले. सोळाव्या शतकात मेदीची हे येथील ड्यूक व पुढे (१५६९) तस्कनीचे ग्रँड ड्यूक झाले. १७३७ मध्ये या घराण्याची पुरुषपरंपरा संपली. त्यावेळी घराण्यातील अखेरची वारस आन्ना मारीआ लुईझा हिने नव्या राज्यकर्त्यांशी करार करून, घराण्याचा सर्व कलासंग्रह लोकांच्या उपयोगासाठी फ्लॉरेन्समध्येच राहील व शहराबाहेर नेला जाणार नाही, अशी अट घातली. या शहरात आज जे पाहावयास मिळते, त्याचा फार मोठा भाग या एका अटीमुळे टिकून राहिला आहे.

१८६० मध्ये तस्कनी प्रदेश इटलीच्या एकीकरणात सामील झाला आणि १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स हे नव्या इटालियन राज्याच्या राजधानीचे शहर होते. सप्टेंबर १८७० मध्ये रोम इटलीच्या ताब्यात आले, तरी राजधानी प्रत्यक्ष हलविण्यास पुढील वर्ष उजाडावे लागले. त्यामुळे नोव्हेंबर १८७० मध्ये परदेशांचे राजदूत अद्याप फ्लॉरेन्समध्येच होते. पुढे सांगितलेल्या घटनेच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरली.

प्रेक्षणीय स्थळे : शहराच्या मध्यभागी सांता मारीआ देल फ्योरे हे प्रमुख चर्च (कॅथीड्रल) आहे. त्याचे बांधकाम आर्नोल्फो दी काम्बिओ याने १२९६ मध्ये सुरू केले. मधला घुमट कसा बांधावा हा प्रश्न शतकाहून अधिक काळ अनुत्तरित राहिला होता. फीलीप्पो ब्रूनेल्लेस्की याने तो सोडविला. त्याने एकात एक असे दोन घुमट योजून आणि विटांची विशिष्ट सांधणी करून, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, १४२० ते १४३६ या काळात हे काम पुरे केले. शेजारचा घंटामनोरा चित्रकार जॉत्तो याच्या देखरेखीखाली १३३४ मध्ये सुरू झाला. समोरच्या बाप्तिस्माघराचे कांस्य दरवाजे लोरेन्त्सो गीबेर्ती याने १४२५ ते १४५२ या काळात तयार केले. त्यांवर बायबलमधील प्रसंग उठावात कोरलेले आहेत. कॅथीड्रलचा संगमरवरी दर्शनी भाग मात्र अलीकडचा असून तो १८८७ मध्ये पूर्ण झाला.

सिन्योरीआ चौकात १२९९ मध्ये आरंभ झालेला पालात्सो व्हेक्यो हा नगरशासनाचा किल्लेवजा वाडा आहे. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा १५०४ पासून या वाड्याच्या दाराशी उघड्यावर उभा होता. १८७३ मध्ये तो अकादेमीआ या कलासंस्थेच्या इमारतीत हलविण्यात आला. चौकात हल्ली दिसते ती त्याची प्रतिकृती होय. शेजारची उफ्फीत्सी ही इमारत जॉर्जो व्हाझारी याने १५६० मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी बांधावयास घेतली. तिच्या नावाचा अर्थही ‘कचेऱ्या’ असाच आहे. पुढे ती मेदीचींच्या चित्रसंग्रहाचे स्थान बनली आणि अठराव्या शतकात सामान्य जनतेस खुली झाली. बॉत्तिचेल्लीची ‘वसंत’ व ‘व्हीनसचा जन्म’ ही चित्रे येथेच आहेत. आर्नोवरील पाँते व्हेक्यो (जुना पूल) १३४५ चा असून त्याच्या दोन्ही कडांना सोनारांची दुकाने आहेत. सांता क्रोचे या चर्चमध्ये मायकेलअँजेलो, माक्याव्हेल्ली व गॅलिलीओ यांची थडगी आहेत. नदीपलीकडील पित्ती राजवाडा व बोबोली उद्यान, सान मार्को मठातील फ्रा आंजेलीकोची भित्तिचित्रे, सान लोरेन्त्सो चर्चला लागून असलेली मेदीचींची समाधिमंदिरे आणि बार्जेल्लो येथील शिल्पसंग्रह ही अन्य महत्त्वाची स्थळे होत.

गोव्याशी व मुंबईशी संबंध : फ्लॉरेन्सचा पश्चिम भारताशी आलेला संबंध सोळाव्या शतकापासूनचा आहे. फीलीप्पो सास्सेत्ती (१५४०–८८) हा फ्लॉरेन्सचा विद्याव्यासंगी व्यापारी १५८३ मध्ये भारतात आला व गोव्यातच मरण पावला. त्याने मायदेशी धाडलेल्या पत्रांत येथील वनस्पती, व्यापार व चालीरीती यांची माहिती आहे. संस्कृत व इटालियन शब्दांतील साम्यही त्याने नोंदविले आहे. देव, सर्प, सप्त, अष्ट, नव या शब्दांशी इटालियन ‘दिओ’, ‘सेर्पे’, ‘सेत्ते’, ‘ओत्तो’, ‘नोव्हे’ हे शब्द जुळतात, असे त्याने दाखविले. भारतीय व यूरोपीय भाषांच्या नात्याचा शास्त्रीय विचार सुरू होण्याच्या दोन शतके आधीचे हे निरीक्षण आहे.

ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो पहिला याने १५८८ मध्ये फ्लॉरेन्समध्ये मौल्यवान रंगीत दगडांच्या जडावकामाचा कारखाना स्थापन केला. सतराव्या शतकाच्या अखेरीस ग्रँड ड्यूक कोझीमो तिसरा याने जुन्या गोव्यातील बाँ जेझूस चर्चमधील सेंट फ्रान्सिस झेव्हिअर यांच्या शवपेटिकेखालचा संगमरवरी चौथरा भेट म्हणून पाठविला. शिल्पकार जोव्हान्नी बात्तीस्ता फॉज्जीनी याने घडविलेला हा चौथरा १६९८ मध्ये गोव्यात उभारण्यात आला. त्यामुळे फ्लॉरेन्सच्या शिल्पकलेचा एक उत्तम नमुना पाहण्यासाठी मराठी प्रवाशाला इटलीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही.

एकोणिसाव्या शतकात फ्लॉरेन्स हे संस्कृत अध्ययनाचेही केंद्र बनले. आंजेलो दे गूबेर्नातीस हा १८६३ पासून येथे संस्कृतचा प्राध्यापक होता. १८७८ मध्ये प्राच्यविद्याविशारदांची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद या शहरात भरली. मूळचे गोव्याचे व मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करणारे इतिहाससंशोधक डॉ. जुझे जेर्सन द कुन्य (१८४४–१९००) हे या परिषदेस उपस्थित होते. दे गूबेर्नातीस याने १८८५–८६ मध्ये भारताचा प्रवास केला आणि परतल्यावर १८८६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये भारतीय वस्तूंचे संग्रहालय सुरू केले. पुढे या संग्रहालयातील वस्तू शहरातील मानवशास्त्र संग्रहालयात समाविष्ट करण्यात आल्या.

राजाराम महाराजांचा यूरोप प्रवास : कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी ऊर्फ बाबासाहेब हे ४ ऑगस्ट १८६६ रोजी निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या बहिणीचा मुलगा नागोजीराव पाटणकर यास दत्तक घेतले होते. तोच राजाराम या नावाने गादीवर आला. राजाराम महाराज त्यावेळी अल्पवयीन असल्याने कारभार ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली चालत असे. त्यांच्या शिक्षणासाठी जमशेटजी नवरोजी उनवाला या पारशी पदवीधराची नेमणूक झाली. इंग्रजी भाषा, इतिहास व राज्यकारभार यांचे शिक्षण घेतल्यावर महाराजांनी १८७० च्या मे महिन्यात इंग्लंडचा प्रवास आरंभिला. त्यांच्यासोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा ब्रिटिश अधिकारी, उनवाला व काही सेवक होते. समुद्रपर्यटन धर्मबाह्य मानले जाण्याच्या त्या काळात एका गादीवरील हिंदू राजाने, तेही छत्रपतींच्या घराण्यातील पुरुषाने, यूरोपला जावे ही गोष्ट असाधारण होती. परतल्यावर प्रायश्चित्ताचा प्रश्न उपस्थित होणार, हे उघड होते. तो प्रश्न सोडविण्याची वेळच आली नाही.

इंग्लंडमध्ये महाराजांनी राणी व्हिक्टोरिया हिची भेट घेतली, तसेच तेथील शैक्षणिक व सार्वजनिक संस्था पाहिल्या. प्रवासात त्यांनी इंग्रजीत रोजनिशी ठेवली होती. ती वेस्ट याने संपादित करून १८७२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली. भारतीय संस्थानिकाने आपल्या यूरोप प्रवासाविषयी लिहिलेल्या आरंभीच्या लेखनात तिची गणना होते. इंग्रजांच्या दृष्टीतून लिहिलेली भारताची वर्णने विपुल असताना, एका तरुण मराठी राजाने इंग्लंडचे केलेले हे निरीक्षण म्हणून तिचे मोल वेगळे आहे. ती प्रसिद्ध करणारा संपादक महाराजांच्या बरोबर नेमलेला ब्रिटिश अधिकारीच होता, हे मात्र वाचताना ध्यानी ठेवावे लागते.

जुलै १८७० मध्ये फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाले होते. महाराजांचा परतीचा प्रवास बेल्जियम, जर्मनी व आल्प्समधील इन्सब्रुक या मार्गाने इटलीकडे झाला. वाटेत त्यांची प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर वैद्यकीय उपचार झाले. परंतु ३० नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. त्यावेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. कॅथीड्रलचा दर्शनी भाग तेव्हा ओका होता, डेव्हिडचा पुतळा अद्याप चौकात होता आणि नव्या राजधानीसाठी जुने तट पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम चालू होते.

दहनाचा प्रश्न : महाराजांच्या निधनानंतर अंत्यविधीचा पेच उभा राहिला. हिंदू धर्मानुसार दहन आवश्यक होते. इटलीत मात्र दफनाचीच रूढी होती. दहनास कायद्याची मान्यता नव्हती आणि रोमन कॅथलिक चर्चचाही त्यास विरोध होता. ब्रिटिश दूतावासाच्या मध्यस्थीने नगराधिकाऱ्यांकडून खास परवानगी मिळविण्यात आली. राजधानी व परदेशी राजदूत फ्लॉरेन्समध्ये असल्यामुळेच हे इतक्या थोड्या अवधीत शक्य झाले. दहनासाठी शहराच्या पश्चिमेस असलेल्या कॅशीने उद्यानाचे अगदी शेवटचे टोक निवडण्यात आले. तेथे मुन्योने हा ओढा आर्नोला मिळतो.

ही निवड विधीच्या दृष्टीने उचित होती. उमरी व धर्माबाद या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागातील लोकांना तेलंगणाच्या सीमेवरील कंदकुर्तीचा गोदावरी-मांजरा संगम परिचित आहे. दोन प्रवाहांच्या मीलनस्थानाला असलेले पावित्र्य त्यांना सांगावे लागत नाही. परक्या देशात गोदावरी वा पंचगंगा उपलब्ध नव्हती. संगम मात्र उपलब्ध झाला. रात्री शव तेथे नेण्यात आले व सोबतच्या मंडळींनी विधिपूर्वक दहन केले. थंडीच्या त्या रात्री फ्लॉरेन्सचे नागरिकही हा अपूर्व विधी पाहण्यासाठी जमले होते. रक्षेचा काही भाग आर्नोत विसर्जित करून अस्थी भारतात आणण्यात आल्या.

इटलीतील काही वैद्य व सुधारक आरोग्याच्या कारणास्तव दहनाचा पुरस्कार या सुमारास करीत होतेच. मिलान येथे १८७६ मध्ये पहिले दहनगृह सुरू झाले. १८८६ मध्ये कॅथलिक चर्चने दहनास औपचारिक मनाई केली आणि ती १९६३ मध्ये शिथिल केली. फ्लॉरेन्समधील दहनामुळे हे सर्व घडले, असे म्हणता येणार नाही. तथापि दहनाची चर्चा ग्रंथांपुरती मर्यादित असताना एका मोठ्या यूरोपीय शहराने ते प्रत्यक्ष होऊ दिले, हे या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व होय. धर्मापेक्षा राजशिष्टाचाराला येथे अधिक वजन मिळाले, हेही खरे. सामान्य हिंदू खलाशाला किंवा नोकराला अशी परवानगी मिळाली असती, असे मानण्यास आधार नाही.

स्मारक : दहनाच्या जागी १८७४ मध्ये स्मारक उभारण्यात आले. त्याची वास्तुयोजना चार्ल्स मँट (१८३९–८१) या ब्रिटिश सैन्यातील अभियंत्याची आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा (१८७७–८४) हीदेखील त्याचीच योजना. त्यामुळे आर्नोकाठची छत्री व कोल्हापूरचा राजवाडा या दोन्ही वास्तू एकाच कल्पकाच्या ठरतात. भारतीय घाटाच्या या छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा असून तो फ्लॉरेन्समध्ये राहणारा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर याने घडविला. पुतळा रंगविलेला आहे. मस्तकावरील पागोटे व अंगावरील दागिने यांमुळे, शुभ्र संगमरवराची सवय असलेल्या प्रवाशाचे लक्ष तो वेधून घेतो. चौथऱ्यावर चार भाषांतील लेख आहेत.

स्थानिक लोक स्मारकाला ‘इंडियानो’ म्हणजे ‘भारतीयाचे’ असे म्हणतात. कालांतराने उद्यानाच्या या टोकालाच ते नाव पडले. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर बांधून पूर्ण झालेल्या तारांच्या आधारावरील पुलालाही ‘पाँते आल्लिंदियानो’ (भारतीयाचा पूल) असे नाव देण्यात आले. अशा रीतीने कोल्हापूरच्या छत्रपतींची आठवण शहराच्या नकाशावर कायम राहिली. मात्र त्यांचे नाव, राज्य व भाषा त्या आठवणीतून गळून पडली. दररोज पुलावरून जाणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा ‘भारतीय’ कोण याची कल्पना नसते. मराठी प्रवासीही बहुधा उफ्फीत्सी व पाँते व्हेक्यो पाहून परततात. स्मारक कॅथीड्रलपासून सु. पाच कि.मी. अंतरावर असून नदीकाठच्या झाडीतून पायी किंवा सायकलने तेथे पोहोचता येते.

कोल्हापूरच्या इतिहासावर या मृत्यूचा दूरगामी परिणाम झाला. राजाराम महाराजांना पुत्र नसल्याने १८७१ मध्ये नारायणराव भोसले यांना शिवाजी (चौथे) या नावाने दत्तक घेण्यात आले. त्यांचा अंत १८८३ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ब्रिटिशांच्या नजरकैदेत दुःखद परिस्थितीत झाला. त्यानंतर १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांचे दत्तकविधान झाले. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज म्हणून प्रसिद्धीस आले. कोल्हापूर येथे १८८० मध्ये स्थापन झालेले राजाराम महाविद्यालय हे फ्लॉरेन्स येथे निवर्तलेल्या राजाराम महाराजांचे मायदेशातील प्रमुख स्मारक होय.

दुसरे महायुद्ध व महापूर : १९४४ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिसरात लढलेल्या दोस्त सैन्यात भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते. शहराजवळच्या माँतेगूफोनी या गढीत उफ्फीत्सीतील अनेक चित्रे सुरक्षिततेसाठी ठेवलेली होती. बॉत्तिचेल्लीचे ‘वसंत’ हे चित्रही त्यांत होते. आठव्या भारतीय डिव्हिजनच्या सैनिकांच्या हाती ही गढी आली व तेथे पहारा बसविण्यात आला. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. माघार घेताना जर्मन सैन्याने ३–४ ऑगस्टच्या रात्री पाँते व्हेक्यो वगळता शहरातील सर्व पूल उद्ध्वस्त केले. इटलीतील लढायांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, मरणोत्तर) व नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५) या दोघा सैनिकांना पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला आलेल्या महापुरात शहराचा मध्यभाग बुडाला. सांता क्रोचेमधील चीमाबूए याच्या क्रूसचित्राची फार हानी झाली आणि राष्ट्रीय ग्रंथालयातील सु. दहा लाख ग्रंथ व कागदपत्रे भिजली. देशोदेशींच्या तरुणांनी चिखलातून ग्रंथ बाहेर काढण्यास हात लावला. कलावस्तूंच्या जतनाची आधुनिक तंत्रे या आपत्तीनंतर पुष्कळ विकसित झाली. जुनी दगडी जडावकामाची संस्था आज जतनकार्याची एक अग्रगण्य संस्था मानली जाते.

इटालियन जतनतज्ञांचा मराठवाड्याशीही संबंध आला आहे. अजिंठ्याची लेणी हैदराबाद संस्थानात असताना निजाम सरकारने लोरेन्त्सो चेक्कोनी व काउंट ओर्सीनी या इटालियन तज्ञांना पाचारण केले. त्यांनी १९२०–२२ या काळात सुटत चाललेला गिलावा भिंतीस पक्का केला व त्यामुळे अनेक चित्रे वाचली. त्यांनी वापरलेल्या लाखेच्या रोगणाचा थर मात्र पुढे पिवळट पडून रंग मंदावले आणि तो काढण्याचे काम नंतरच्या पिढीतील तज्ञांना करावे लागले. जतनाचे प्रत्येक साधन काळाच्या कसोटीवर तपासावे लागते, हा धडा अजिंठा व फ्लॉरेन्स या दोन्ही ठिकाणांहून मिळतो.

फ्लॉरेन्समधील राजाराम स्मारकालाही हवामान व नदीकाठची दमट हवा यांचा उपसर्ग पोहोचत असल्याने त्याची वेळोवेळी देखभाल करावी लागते. ती दगडाची देखभाल होय. या ‘भारतीया’चे नाव, गाव व राज्य यांची नोंद जिवंत ठेवणे हे मराठी इतिहासाच्या अभ्यासकांचे व तेथे जाणाऱ्या मराठी प्रवाशांचे काम आहे.